आमच्या घरचं पाणी

सोपान गेल्याचं मला कळलं, तेव्हा मी त्याचीच गोष्ट सांगत होतो. कळंबचा बाजार भरलेला, माझ्या कापडदुकानाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसलेली, आणि मी ऐन रंगात आलेलो. पुढून गोळ्या, खाली गुडघाभर चिखल, आणि आमचा सोपान धनगर जखमी शिपायाला मेंढरासारखा मानेवर टाकून निघालाय... शिपाई म्हणून मी मानेवर कापडाचा तागा घेतला होता आणि कमरेत वाकून चालत होतो. तेवढ्यात त्याचा चुलता समोर येऊन उभा राहिला. "अण्णा, तागा खाली ठेवा," तो म्हणाला. "सोपान गेला. सकाळीच." ब्रह्मदेशातल्या लढाईतून सोपाननं दोन गोष्टी आणल्या होत्या, एक पदक आणि एक हिवताप. पदक पेटीतच राहिलं. ताप मात्र दर पावसाळ्यात बाहेर निघायचा, या वेळी तो त्याला घेऊनच गेला.

याला पाच आठवडे झाले. त्याच्याबद्दल आधीच लिहायला हवं होतं, पण मी सोपानवर रागावलो होतो. अजूनही आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. जिवंतपणी रागवायची संधीच ज्यानं दिली नाही, त्याचं काय करायचं?

माझा धाकटा भाऊ दत्तू आणि सोपान एका वयाचे, एका वाणाचे. एकानं दगड मारायचा, दुसऱ्यानं मी मारला म्हणायचं. आम्ही निजामाच्या मोगलाईतले, बार्शी इंग्रजांची. एके दिवशी दोघं घरी न सांगता बार्शीला गेले आणि पलटणीत भरती झाले. दत्तूच्या हातात बंदूक आली. सोपानला साहेबानं विचारलं, तुला काय येतं? हा म्हणाला, मेंढराचा मोडका पाय बांधता येतो. त्याला जखमी उचलणाऱ्यांत घातलं. निवड करणारा साहेब शहाणाच म्हणायचा!

परत आला तो एकटा सोपान. येडशीला आगगाडीतून उतरून भर उन्हात चालत तो आधी आमच्या दारात आला, स्वतःच्या घरी नंतर गेला. आईनं रीतीप्रमाणं गूळ आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. तो उंबऱ्याबाहेर बसला आणि पाठ केल्यासारखं बोलला, "आई, दत्तूला कपाळात गोळी लागली. हूं न्हाय का चूं न्हाय. त्याला कळलंसुदिक न्हाय."

"पाणी मागितलं का रं त्यानं?" आईनं विचारलं.

"न्हाय."

"मग तू तरी घे."

त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला. तांब्याला हात लावला नाही. "तहान न्हाय," म्हणाला. आठ कोस उन्हातून आलेला माणूस!

त्या एका वाक्यावर आई पुढची वर्षं जगली. लेकराला कळलं नाही, ते तहानेलं गेलं नाही. पण सोपाननं आमच्या घरचं पाणी काही घेतलं नाही. दर चार दिवसांनी यायचा, आईचे पाय चेपायचा, गूळ खायचा, तांब्या तसाच ठेवून उठायचा. आई मनातून दुखावली होती. मला मात्र आयताच विषय मिळाला. मी चारचौघांत म्हणायचो, "कलियुग आलं! लिंगायत धनगराच्या घरचं पाणी घेत नाही, आणि आमचा धनगर लिंगायताच्या घरचं घेत नाही!" सोपान हसायचा. का हसायचा, ते आता कळतं.

पदक मिळालं म्हणून कचेरीत त्याचा सत्कार झाला, त्या दिवसाची तर मजाच होती. इंग्रजीतलं शिफारसपत्र पेशकारानं उर्दूत वाचलं. समोरच्या पागोट्यांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. तहसीलदारसाहेब वैतागून म्हणाले, "अरे, कोई मराठी में बोलो!" आणि सगळ्यांनी मला पुढं ढकललं. मला अशा वेळी फार ढकलावं लागत नाही. पत्रात सहा जखमी होते, मी अकरा केले. सोपानच्या बापानं त्याला शिकवलेला धनगरी नियमही मी ऐकवला. लांडगा कळपात शिरून गेल्यावर धनगर काय करतो? ओरडतंय ते उचलत नाही, पोट फाटलंय ते उचलत नाही, जगणार आहे ते आधी उचलतो! "आमच्या सोपाननं लढाईत हेच केलं!" असं मी म्हणालो आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सोपान खुर्चीवर बसून स्वतःच्या पायाच्या बोटांकडं बघत होता. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "अण्णा, ती लांडग्याची गोष्ट नका सांगत जाऊ."

"अरे, तीच तर जान आहे!" मी म्हणालो, आणि दर बाजारी सांगत राहिलो.

मग आई गेली. माती देऊन आम्ही परत आलो, तर सोपान दारात उभा. "अण्णा, पाणी द्या." मी तांब्या दिला. त्यानं तो उभ्यानं, एका दमात रिकामा केला. "आज चाललं का रे आमचं पाणी?" मी म्हणालो. तो तोंड पुसत म्हणाला, "अण्णा, दत्तूचं एक सांगायचं राह्यलंय."

"तू नको सांगूस बाबा. तू गोष्टीची माती करतोस. सांगायचं काम माझं!"

त्या घरातही चार माणसं हसली. सोपानही हसला आणि गेला. त्यानंतर दोन वर्षं तो जगला, तो विषय पुन्हा काढला नाही...

तो गेल्याचं ऐकून बार्शीकडचे गणपतराव आले. लंगडत आले. सोपाननं वाचवलेल्यांपैकी एक. असा श्रोता मला कधी मिळायचा? मी तागा उचलला, गोष्ट सुरू केली. लांडग्यापाशी आलो, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"अकरा न्हाय, सहा. मी चौथा," ते म्हणाले. "वाटंत एक गडी पडला होता, पोटाला लागलेला. सोपान दर खेपंला त्याच्या कडंनं जायचा. जातानाबी, येतानाबी. तो नाव घिऊन हाक मारायचा, सोप्या, पाणी दे. पोटाला लागल्यावर पाणी द्यायचं नसतंय, तसा हुकूमच. मी खांद्यावर होतो तवा सोपान त्याला म्हणला, आलो दत्तू, एवढा ठिवून आलो... सातवी खेप त्याचीच केली. तवर संपलं होतं. मेलेला उचलून आणला म्हणून साहेबाची बोलणीबी खाल्ली." मग त्यांनी मलाच विचारलं, "त्यो दत्तू हिकडचाच होता म्हणं. वळखता का तुमी?"

मी मानेवरचा तागा खाली ठेवला.

सोपान, आईशी खोटं बोललास, ते ठीक. ते मीही बोललो असतो. पोट फाटलेल्याला मागं ठेवलंस, तेही समजून घेईन, सवडीनं. पण माझ्या भावाचं मरण मी गावाला हसत-हसत ऐकवत होतो आणि तू खुर्चीवर बसून राहिलास? माझ्या तोंडावर हात ठेवायला काय झालं होतं तुला? एकदा म्हणालास, नका सांगू. एकदा म्हणालास, सांगायचंय. दोनदाच? माझ्यासारख्या बडबड्याला दोनदा सांगून भागतं व्हय रे?

गोष्ट आता बंद आहे. बाजारी माणसं बसतात, वाट बघतात, कापड न घेताच उठून जातात. तू एकदाच ज्यातून प्यालास तो तांब्या मी ओट्यावर भरून ठेवतो, शेजारी गुळाचा खडा. कुणासाठी म्हणून विचारतात, मी तागे लावत बसतो. सोपान, ये. हवं तर गूळ राहू दे, पाणी घे. आणि सांग. या खेपेला मी मधे बोलणार नाही.