माझ्या जबड्याचा नमुना

"परब, गाठ कॅन्सरची नाही. पण खालचा जबडा अर्धा कापावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. पहिलं वाक्य ऐकून मी हात जोडले, आणि दुसरं ऐकून ते तसेच धरून बसलो.

आजाराचं नाव अमेलोब्लास्टोमा. दात बनवणाऱ्या पेशींची गाठ. सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण हाड आतून पोखरते. माझी दाढ हलत होती आणि मी दोन महिने लवंगेचं तेल लावत बसलो. तुम्ही असला शहाणपणा करू नका. सरळ एक्स-रे काढा.

मला भीती एकच, बोलता येईल ना? विक्रोळीच्या कारखान्यात टूलरूममध्ये छत्तीस वर्षं फिटर होतो. मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. बडबड बंद झाली तर मी मेल्यातच जमा, असं बायकोला, शुभांगीला म्हणालो. एरवी टोमणा मारणारी बाई गप्प राहिली, तेव्हा माझी तंतरलीच.

अशा वेळी पायाचं हाड काढून जबड्याला जोडतात. माझ्यासाठी डॉक्टरांनी नवा मार्ग सुचवला. सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरवर माझाच जबडा काढायचा आणि तो टायटेनियमचा, थ्री-डी प्रिंटिंगने बनवायचा. म्हणजे धातूची पिठासारखी पूड लेझरने वितळवून थरावर थर चढवायचे. आम्ही जन्मभर धातू कापून, घासून पार्ट काढले, आणि इथे पुडीतून पार्ट उभा राहतो! हाडाने आत शिरून घट्ट धरावं म्हणून टोकांना बारीक जाळीसुद्धा. काय काम आहे राव, झकास. आजार विसरून मी टॉलरन्स किती, म्हणजे मापात किती फरक चालेल, फिनिश कसं, विचारत सुटलो. बोलण्याचं विचारलं तेव्हा मात्र डॉक्टर म्हणाल्या, "आशा आहे. खात्री देत नाही."

घरच्यांना दाखवायला त्यांनी प्लास्टिकचा नमुना दिला. इथे मी घोळ घातला. बोट फिरवलं तर खालची कड टोचली. उठलो, कानस काढली आणि घासून टाकली. शुभांगीने कपाळावर हात मारला. "अहो, तो तुमचो जबडो आसा, कारखान्यातलो पार्ट नाय."

पुढच्या तपासणीला नमुना नेला, डॉक्टरांनी लगेच ओळखलं. मी मान खाली घालून सांगितलं, मॅडम, ही कड आतून कातडी कापेल. त्यांनी फोटो काढून जबडा बनवणाऱ्या अंधेरीच्या लॅबला पाठवले. दुसऱ्या दिवशी तिथल्या इंजिनीअर मुलीचा फोन आला, काका, नक्की किती घासलंत? मी व्हर्नियर लावून मोजलं, अर्धा मिलिमीटर. तिने डिझाइनमध्ये तेवढी कड गोल केली. त्या दिवशी मी बिल्डिंगभर सांगत फिरलो.

ऑपरेशन नऊ तास चाललं. मग आठ दिवस नाकात नळी आणि हातात पाटी. नवव्या दिवशी 'पाणी' म्हणायला गेलो तर 'फाणी' आलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. पण स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या बाई, रोज तासभर पिळून काढायच्या. ओठ अजून थोडा बधिर आहे.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. वेटिंग रूममध्ये कांदिवलीचे एक गृहस्थ बसले होते, हाच आजार, चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी मला त्यांच्याशी बोलायला सांगितलं. मग काय, पूड, लेझर, जाळी, मी अर्धा तास थांबलोच नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुमचं ऑपरेशन कधी आहे?"

झालं, सहा महिने झाले, मी म्हणालो आणि मला रडूच कोसळलं. ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. मग माझा हात धरून म्हणाले, "बोला ना अजून."