सासूबाईंची खुर्ची

इस्लामपुरात मी ज्या घरी दूध आणायला जाते, तिथल्या सासूबाई मला कायम सोप्यात जमिनीवर बसलेल्या दिसायच्या. एक गुडघा उभा, त्यावर कोपर टेकवलेलं. वय ऐंशीच्या घरात, पण उठताना कशाचा आधार लागायचा नाही. खुर्ची कुणी पुढं केलीच तर म्हणायच्या, "ती साहेब लोकास्नी. आपल्याला भुईच बरी."

गुडघे गेले ते सुनेचे. शस्त्रक्रिया करून दोन्ही बदलले. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, नवा सांधा लवकर झिजेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सासू भुईवर असताना सून खुर्चीत कशी बसणार? "बस की गं वर," सासूबाई म्हणायच्या. "व्हय," म्हणून ती उभीच राहायची, आणि फारच दमली की हळूच खाली बसायची.

परवा तपासणीत डॉक्टर तिच्यावर रागावले. दुसऱ्या दिवशी पाहते तर सासूबाई खुर्चीत. पाय जमिनीला टेकत नव्हते, एसटीत बसल्यासारखे खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरलेले. शेजारच्या खुर्चीत सून शेंगा फोडत होती.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"मी वर बसल्याबिगर ती बसतीय व्हय? माझी कंबार लय अवघडती बघ हितं."

सून दूध आणायला आत गेली, तशा सासूबाई झटकन खाली उतरल्या आणि गुडघा उभा करून निवांत बसल्या. आत भांडं वाजलं. मला गप्प राहायची खूण करून त्या पुन्हा खुर्चीत चढल्या.