देवीला लिहिलेलं भांडण

माझी भक्ती रागातून सुरू झाली, हे आधीच सांगून टाकते. देवळात डोळे मिटले की मन शांत होतं म्हणतात. माझं कधी झालं नाही. आणि ज्या वर्षी मी सार्वजनिक आरोग्य शिकायला एका सत्रापुरती इंग्लंडला गेले, त्या वर्षी तर आमच्या गावदेवीचं तोंडही पाहायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

कारण होतं आईचा नवस. आमचं गाव लोधिवलीपासून आत, भातखाचरांच्या कडेला. विद्यापीठातून माझी निवड झाली तेव्हा रसायनीत कारखाने उभे राहत होते, पण गावात नळ आला नव्हता. लेक परमुलखात जाणार म्हणून आई मला न विचारता नवस बोलून बसली: पोर सुखरूप परत येईपर्यंत मी देवीच्या कुंडाशिवाय दुसरं पाणी तोंडात घेणार नाही. ते कुंड देवळामागे आहे. देवीची आंघोळ त्याच पाण्यानं, गावाचे पाय त्याच पाण्यात, आणि वरच्या वाडीची घाणही वाहत येऊन त्यातच. एसटीच्या थांब्यावर तिनं मला हे सांगितलं, तेही हसत. "तू तिकडं शिक गं. मी हिकडं तुजी राखण करतंय." मी काही बोलायच्या आत गाडी आली आणि मी धुसफुसत चढले.

तिथं आमच्या वर्गात सगळा वेळ पाण्याचीच चर्चा. कुठल्या पाण्यातून कुठला रोग पोटात जातो, तो कसा अडवायचा, हे मी दिवसभर लिहून घ्यायची आणि डोळ्यांसमोर आई कुंडावर वाकलेली दिसायची. मधल्या सुट्टीत नळाला तोंड लावून निर्धास्त पाणी पिणारी ती पोरं पाहिली की माझा जळफळाट व्हायचा. मी घरी लिहिलं, निदान पाणी उकळून पी. धाकट्या बहिणीच्या हातून आईचं उत्तर आलं, उकळल्यावर तीर्थ राहत नाही, नवस मोडतो, आणि मोडलेला नवस तुझ्यावर येईल.

मग बहिणीनं कळवलं की आईला हगवण लागली आहे आणि थांबत नाही. मोहोपाड्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण ते पाणी सोडल्याशिवाय गुण येणार नाही, असं बजावलं. आई सोडायला तयार नव्हती. माझा जीव वाचावा म्हणून ती स्वतःचा घालवत होती, आणि मी ज्या विषयाची परीक्षा देणार होते त्याच विषयानं ती मरणार होती. सगळं टाकून परत जावं, तर बोटीनं पोचेपर्यंत ती राहील याची खात्री नव्हती. विमानाचं नाव काढायची आमची ऐपत नव्हती. मला आईचा राग आला, वडिलांचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो देवीचा.

आमच्याकडे देवीपुढे गाऱ्हाणं घालायची एक रीत आहे. ज्याचं गाऱ्हाणं, त्याचेच शब्द. गुरवानं ते मऊ करायचे नाहीत, गाळायचे नाहीत. मग देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवून कौल मागायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार. मी हवाई टपालाचं निळं पत्र घेतलं आणि थेट देवीलाच लिहिलं:

"तुला सगळा गाव आई म्हणतो. मग माझ्या आईची आई हो की. माझ्या राखणीपायी तिचा जीव घेणार असशील तर मला तुझी राखण नको. पाणी उकळून प्यायचा कौल दे. नाही दिलास तर परत आल्यावर मी तुझ्या पाया पडायला येणार नाही, तुझ्या कुंडातल्या पाण्याचा नमुना घ्यायला येईन."

पुढचं मला बहिणीनं सांगितलं. आईला आधार देऊन देवळात आणलं आणि खांबाला टेकवून बसवलं. वडिलांनी पत्र उघडलं, पहिली ओळ वाचली आणि पत्र तसंच मिटलं. देवीला असं बोलायची त्यांची छाती होईना. गुरव म्हणाला, "मला लिवलेलं वाचता येत नाय." बहीण रडायला लागली. कोपऱ्यात एक अनोळखी बाई भाकरी खात बसली होती. एसटीचा टायर बसला म्हणून ती सावलीला आली होती. तिनं पदराला हात पुसले. "आना हिकडं. देवीला सांगायला लाजता कसली?"

आणि तिनं वाचलं. खणखणीत आवाजात, मी लिहिलं होतं त्याहून चढून, जणू आई तिचीच होती. वाचून झाल्यावर देवीकडे बघून म्हणाली, "आयकलंस ना गं बाई? आता बोल."

उजवी कळी पडली.

बाईनं तिथंच अंगणात तीन दगड मांडले, लाकडं मागवली, कुंडाचं पाणी गाळून खळखळा उकळलं, निववलं आणि पहिला पेला देवीपुढे ठेवून दुसरा आईच्या तोंडाला लावला. "पी गं माय. तिनंच दिलंय." आई प्यायली. नंतर डॉक्टरांच्या औषधाला गुण आला. तोवर बाईची गाडी निघून गेली होती. तिचं नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ती कोण होती यावर गावाचं आपलं मत आहे. मी वाद घालत नाही. माझा राग माझ्या तोंडून देवीपर्यंत पोचू शकत नव्हता आणि तो कुणीतरी पोचवला, एवढं मला पुरे आहे.

सत्र पुरं करून मी परत आले. आई थांब्यावर उभी होती, निम्मी झालेली. मी तिथंच तिला वाट्टेल ते बोलले आणि मग तिच्या गळ्यात पडून रडले. शरण जायचं म्हणजे आधी राग सोडायचा, असं मला वाटायचं. तो जसाच्या तसा देवीपुढे नेऊन टाकला तरी ती घेते, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही दोघी तशाच देवळात गेलो. अंगणातले तीन दगड कुणी हलवले नव्हते. त्यांच्यावर हंडा उकळत होता आणि गावातल्या बायका तीर्थासाठी लोटे घेऊन बसल्या होत्या. देवीपुढे जायच्या आधी मी वाकले आणि त्या धुरानं काळ्या झालेल्या दगडांना नमस्कार केला.