साहेबांकडे पाठवलेला डबा

जामनेरच्या कोर्टात वकिली करताना मला एका गोष्टीची चीड येते, आणि ती लपवायचं मी आता सोडून दिलंय. न्यायाधीश आत आले की सगळे हात बांधून उभे राहतात. तीच माणसं बाहेर चहाच्या टपरीवर त्याच न्यायाधीशाला किती द्यावे लागतील ते छातीठोक सांगतात. पुरावा मागितला तर हसतात, जणू मी कालच जन्माला आले. माझं माहेर धुळ्याचं. तिथेही हेच ऐकत मोठी झाले.

माझी एक पक्षकार होती, साठी उलटलेली विधवा. मी तिला अक्का म्हणायचे. तिच्या केळीच्या मळ्यात जायला एकच गाडीरस्ता, तो दिराच्या बांधावरून. दिरानं तिथे तारेचं कुंपण ठोकलं. घड कापणीला आलेले आणि ट्रक आत जाईना. रस्ता मोकळा करून मागायला आम्ही कोर्टात गेलो. दोन्ही बाजू ऐकून झाल्या, फक्त हुकूम यायचा बाकी होता. सासऱ्यांच्या वेळेपासूनची वहिवाट, त्यामुळे मला चिंता नव्हती. अक्काला म्हटलं, आता थोडं थांबायचं.

दीर राजकारणातला, पक्का बेरकी. हिवाळा होता, त्यानं शेतात भरीत पार्टी घातली. आमच्याकडे अशा पार्टीला येऊ न शकलेल्या मानाच्या माणसाला डबा पाठवतात, त्यात वावगं कुणाला वाटत नाही. यानं भर पंगतीत डबा भरला. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, वर कांद्याची पात. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ड्रायव्हरला म्हणाला, "कोर्टात साहेबांना नेऊन दे."

त्या संध्याकाळी मी आमचा दावा ऐकणाऱ्या न्यायाधीश साहेबांसमोरच उभी होते, दुसऱ्या एका जामीन अर्जावर. काम लांबलं. बाहेर पडले तर फाटकात शिपाई त्या ड्रायव्हरला डबा परत देत होता. "साहेब काही घेत नाहीत, पुन्हा आणू नका," म्हणाला.

डबा गेला ते गावानं पाहिलं. परत आला ते पाहायची कुणाला गरज नव्हती. साहेब विकत मिळत नाहीत म्हटल्यावर या माणसानं त्यांचं नाव विकलं, आणि गावानं ते बिनबोभाट घेतलं. बिचाऱ्या साहेबांना चार लोकांत येऊन खुलासाही करता येत नाही. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

अक्का माझ्याकडे आली ती दिराला घेऊनच. तडजोड ठरली होती. तिनं रस्त्यावरचा हक्क सोडायचा आणि घड मजुरांच्या डोक्यावरून, नाल्याकडच्या दिराच्याच पायवाटेनं काढायचे. मी भडकले. "अक्का, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, डबा परत गेला."

"तू भली हायेस वं माय," ती म्हणाली. "पण साहेब त्यायचे झाले. हुकूम इरोधात गेला तं नाल्याकडचंबी जाईन."

दीर शेजारी बसून मिशीत हसत होता. मी पुन्हा पुन्हा समजावलं, ती ऐकेना. शेवटी कागद कोर्टात दिला.

"आजी, हे तुमच्या मनानं करताय ना?" साहेबांनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी लगेच सही केली नाही. "हा रस्ता सोडलात तर केळी कशी काढाल? कुणी धाक दाखवला असेल तर इथे सांगा."

अक्कानं दिराकडे पाहिलं, मग खाली. "माह्या मर्जीनंच करते, साहेब."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. पुढे त्यांच्या हातात काही नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर अक्का उभी राहिली.

"ईकला गेलेला मानूस असं इचारीन का वं?" ती म्हणाली. "मंग मी परत आत जाते. मले रस्ता पाह्यजे म्हनून सांगते त्यायले."

मी तिचा हात धरला. "सही झाली, दावा मिटला. आता नाही ऐकता येणार त्यांना, अक्का."