पान थुंकण्याजोगं वाक्य

आमच्या टेलिफोन ऑफिसातले बडे बाबू दिवसातला बहुतेक वेळ बोलू शकत नसत, कारण त्यांच्या तोंडात पान असे. बनारसी माणूस पान चावून संपवत नाही. तो ते गालात ठेवतो आणि हळूहळू विरघळू देतो. पान असं जमून आलं की बडे बाबूंची हनुवटी किंचित वर व्हायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि जगाशी सगळा व्यवहार भुवयांनी चालायचा. बोलायचंच झालं तर उठून व्हरांड्याच्या टोकाला जायचं, पान थुंकायचं, चूळ भरायची आणि परत यायचं. त्यामुळे तोंड उघडण्याआधी ते स्वतःला विचारत असावेत, या वाक्यासाठी पान वाया घालवावं का? बहुतेक वेळा उत्तर 'नको' असंच येत असणार, कारण आमचं ऑफिस फार शांत होतं.

म्हणजे मी येईपर्यंत शांत होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला तक्रारींच्या खिडकीवर नोकरी लागली, ती एका वर्षाच्या बोलीवर. वर्ष नीट गेलं तर कायम, नाहीतर घरी. आणि घर ब्रह्मा घाटावरच्या मराठी वस्तीत, वडील आजारी, कमावती मी एकटीच. ही नोकरी टिकायलाच हवी हे मला पक्कं ठाऊक होतं. पण जिभेला कोण सांगणार? आई येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "हिच्या तोंडाला ताला नाही बघा!"

त्या काळी आमच्याकडे फोन बंद पडण्याचं मुख्य कारण म्हणजे माकडं. गल्लीतल्या तारांना लटकून ती झोके घ्यायची. लोक मात्र खिडकीशी येऊन मलाच झापायचे, जणू झोके मीच घेतले होते. मीही ऐकून घेणारी नव्हते. एका शेटजींना मी सांगितलं, "आप बंदर से बात कीजिए, तार उसी के पास है." यात खोटं काय होतं? मी आजही म्हणेन, काही खोटं नव्हतं. पण शेटजी असे भडकले की बडे बाबूंना उठावं लागलं. व्हरांड्यातून परत येऊन त्यांनी दोन मऊ वाक्यांत शेटजींना गार केलं, चहाला नेलं, आणि ते गेल्यावर माझ्याकडे बघून अतोनात दुःखानं म्हणाले, "बिटिया, अभी-अभी जमा था."

असं वरचेवर व्हायला लागलं. बडे बाबूंची पानं वाया जात राहिली आणि माझी कीर्ती वरच्या साहेबांच्या कानापर्यंत पोचली.

त्यातच गुरुजींचं प्रकरण झालं. आमच्याच गल्लीत हे गुरुजी मुलांना वेद शिकवायचे. माकडांनी त्यांची तार तोडली. आमचा लाइनमन शिडी घेऊन गेला, आणि गच्चीकडे जाताना वाटेत दोरीवर वाळत घातलेल्या सोवळ्याला त्याचा खांदा लागला. त्या सोवळ्याला बायकोचा हात लागला तरी गुरुजी खवळायचे, पण हे लाइनमनला कुणी सांगितलं होतं? "अंधा है क्या?" गुरुजी ओरडले. लाइनमननं शिडी खांद्यावर टाकली, तो तडक ऑफिसात आला आणि म्हणाला, "अब बंदर ही जोड़ेंगे." मग काही केल्या तो त्या गल्लीत पाऊल ठेवेना.

थोड्या दिवसांनी उपरणं सावरत गुरुजीच खिडकीच्या दिशेनं येताना दिसले. बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मग आपली डबी उघडून त्यांनी एक पान काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि भुवई उडवली. म्हणजे, खा. मी मुकाट्यानं ते तोंडात घातलं.

गुरुजी सुरू झाले. "अगं, आमच्या मोहल्ल्यातली मुलगी तू, आणि आमचीच सुनवाई नाही? ही काय सरकारी कामाची तऱ्हा झाली?" माझं उत्तर तयारच होतं. ज्या तोंडानं त्याला आंधळा म्हणालात, त्याच तोंडानं आता बोलवा! पण माझं तोंड भरलेलं. मी नुसती मान डोलवत राहिले. गुरुजी बोलत गेले, मध्ये कुणी आडवं येईना, आणि त्यांचा राग हळूहळू संपला. मग आवाज खाली आला.

"नागपूरला लेकीचे दिवस भरलेत गं. पहिली वेळ. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून माहेरी आणता आलं नाही. घरी तिच्या आईला झोप नाही. दिवसभर त्या मुक्या फोनपाशी बसून असते."

जे मी बोलणार होते ते बोलले असते, तर हे कानावर आलंच नसतं. मी उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले, पान थुंकलं, चूळ भरली. तेवढ्या वाटेत माझं वाक्य तयार झालं.

"गुरुजी, उद्या सकाळी सोवळं आधी आत घ्या. लाइनमन आले की गच्चीची वाट तुम्ही स्वतः दाखवा, आणि काठी घेऊन तिथेच थांबा. माकडं त्यांच्या अंगावर येतात." माफीचा शब्द मी काढला नाही. तो काढला असता तर गुरुजी तसेच निघून गेले असते.

लाइनमनलाही मी त्यांना माफ करा असं म्हटलं नाही. म्हटलं, "भइया, गुरुजी की बेटी को नागपुर में बच्चा होने वाला है. ख़बर आप ही के तार पर आएगी."

तो म्हणाला, "तो ई बात पहले काहे नहीं बताईं, दीदी?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीनं बघितलं. लाइनमन शिडीवर, गुरुजींचा एक हात शिडीला, दुसऱ्यात काठी, आणि वेद म्हणून कमावलेल्या त्या खड्या आवाजात ते माकडांना हुसकावत होते. 'चुकलं' असं ते म्हणाले नाहीत. पण काम संपल्यावर त्यांनी लाइनमनला आग्रहानं बसवून घेतलं आणि लाडू खायला लावले. त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला. नात झाली होती. गुरुजी पेढे घेऊन ऑफिसात आले आणि पहिला पेढा त्यांनी लाइनमनला दिला.

तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात लवंगा असत. कुणी तावातावानं येताना दिसलं की एक तोंडात टाकायची. शेटजींसारखे लोक तरीही यायचे, पण बडे बाबूंना उठावं लागत नसे.

वर्ष संपत आलं तसे वरचे साहेब आले. बडे बाबूंनी नुकतंच जेवणानंतरचं पान तोंडात ठेवलं होतं, आणि ते जमून आल्याचं चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. साहेबांनी माझ्यासमोरच विचारलं, "इस लड़की की ज़बान के बारे में बहुत सुना है. रखें कि नहीं?"

मी बडे बाबूंकडे बघितलं. बडे बाबू आता भुवया उडवणार, आणि साहेबांना त्यातलं काय कळणार? पण ते उठले. सावकाश व्हरांड्याच्या टोकाला गेले. चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन ते साहेबांसमोर उभे राहिले.

"रख लीजिए, साहब. इसके रहते अब हमारा पान बचता है."

साहेब हसले आणि बरं म्हणाले. बडे बाबू रिकाम्या तोंडानं आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी चपला पायात सरकवल्या आणि त्यांच्यासाठी नवं पान आणायला धावत खाली गेले.