उतरंड धरून उभे राहणारे भाऊजी

भिंतीला वरून खालपर्यंत भेग गेली तेव्हा सगळा पाडा अंगणात होता आणि माझे धाकटे दीर घरात होते. अडकले नव्हते, पळत आत गेले होते. भूकंपात बाहेर पळायचं सोडून आत पळणारा माणूस तलासरीपासून डहाणूपर्यंत दुसरा मिळायचा नाही.

भाऊजी शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. शब्द हाती लागला की शेंगेसारखा सोलून आतला दाणा दाखवायचे. एकदा डहाणूहून येताना जीप चिखलात रुतली. आम्ही बाया ढकलतोय आणि हे बाजूला उभे राहून ड्रायव्हरला सांगतायत, "याला टेनॅसिटी म्हणतात. चिकाटी. मूळ लॅटिन. अर्थ, धरून ठेवणं."

"मास्तर, आधी जीप धरा," ड्रायव्हर म्हणाला.

मी चौथी शिकलेली. मी विचारलं, "गोचीडही धरून ठेवते. तिलाही हाच शब्द का?" भाऊजी इतके खूश झाले, की भेटेल त्याला "वहिनींनी बरोबर ओळखलं" म्हणून सांगत सुटले.

त्या हिवाळ्यात जमीन सारखी हलायला लागली. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग भांडी वाजायची. जेवताना घास हातात आणि कान जमिनीकडे. आम्ही ताडपत्रीखाली राहायला गेलो. भाऊजीही आले, पण आवाज झाला की उठून घरात. तिथे माझ्या जावेनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, रचलेली मडक्यांची उतरंड होती, नागली आणि वालाचं बियाणं भरलेली. आमच्यात ज्या घरची उतरंड त्या घरच्या बाईनंच उतरवायची, आणि जाऊ तर आधीच्या उन्हाळ्यात गेलेली. मी म्हटलं, "मी उतरवते." "राहू द्या, वहिनी," म्हणाले. मग दर हादऱ्याला उतरंडीला मिठी मारून उभे. लोक विचारायचे, "मास्तर, आम्ही बाहेर, तुम्ही आत? परीक्षा आहे का?"

भेग गेली त्या दुपारी कुणी हसलं नाही. छपरातून माती गळत होती. मी दारातून ओरडले, "सोडा!"

"सोडली तर पडेल!"

"पडू दे मेली!"

ऐकेनात. मग मी आत गेले. सदरा धरून ओढला, तो फाटला. दंड धरला. उंबऱ्याबाहेर आलो आणि भिंत आत, उतरंडीवर कोसळली.

भाऊजी अंगणात बसून राहिले. तोंडातून शब्द नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. पाणी दिलं आणि विचारलं, "सोडून देणं, याला इंग्रजीत काय म्हणतात?"

तांब्या खाली ठेवून म्हणाले, "पुष्कळ शब्द आहेत, वहिनी. एकाचंही मूळ मी कधी पाहिलं नाही."

घरात आम्ही दोघंच होतो. दोघंही वाचलो.