सतरावा कट्टा

नरसम्माला किती वाजले असं विचारलं, की ती सुपातले विड्यांचे कट्टे मोजायची. "अकरावा बांधला आत्ता. शाळा सुटायला येळ हाय अजून." तिच्या घरात घड्याळ नव्हतं. पंचवीस विड्या वळून दोऱ्यानं बांधल्या की एक कट्टा. जेवून एक वाजता ती दारात बसायची आणि तासाला पाच कट्टे व्हायचे. मी एकदा आठवडाभर घड्याळ लावून तपासलं. फरक दोन-तीन मिनिटांपलीकडे गेला नाही.

मी पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाणीपातळीच्या नोंदी ठेवतो. कट्ट्यांची ती तपासणी करताना नरसम्मा माझ्या बायकोला, सुनंदाला म्हणाली होती, "काय वो ताई, सायब घरात भाकरी बी मोजूनच खात्यात का?" घरी ती तेलुगू बोलायची, आमच्याशी सोलापुरी मराठी. गल्लीतलं प्रत्येक मूल तिच्यासाठी 'बिड्डा', म्हणजे लेकरू. आमची मीनू तिच्याजवळ बसून दोरा तोडून द्यायची.

त्या मे महिन्यात मीनू सहा वर्षांची होती. पाच दिवसांनी नळाला पाणी आलेलं. सुनंदा पिंप भरत होती. भरून झाल्यावर पाहते तर मीनू घरात नाही. मी पावणेसहाला ऑफिसातून आलो तेव्हा सुनंदा ओल्या पदरानं दारोदार विचारत होती.

चौकीतून हवालदार आले. मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि रकाने आखले: कुणी पाहिलं, कुठं, किती वाजता. रकाने सरळ आले. पश्चिमेच्या कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार म्हणाला, "साडेचारला बघितली. बातम्या लागल्या होत्या, घड्याळ समोरच आहे." तिकडे मोठा रस्ता, रिक्षा, पुढं स्टेशन.

सहा वाजता नरसम्माला विचारलं. ती म्हणाली, "सतरावा बांधत हुते की. तवा हिकडनं गेली, मागच्या शेडाकडं." म्हणजे पूर्वेला, यंत्रमागांच्या बाजूला. मी हिशेब केला. सतरा कट्टे, प्रत्येकी बारा मिनिटं. चार वाजून चोवीस. आणि साडेचारला ती पश्चिमेच्या कोपऱ्यावर? मधलं अंतर सव्वा किलोमीटर. सहा मिनिटांत सहा वर्षांचं पोर एवढं चालणार नाही.

"नरसम्मा, तुम्ही कालचं सांगताय बहुतेक."

"कालचं कशाला सांगू? माजे डोळे हायत की!"

मी तिची ओळ खोडली. हवालदारांनीही मान डोलावली. गल्लीतली सगळी माणसं मी पश्चिमेला धाडली. स्टेशन, बसथांबे, रिक्षावाले. मीनूचा फोटो दाखवताना मला तिच्या फ्रॉकचा रंग आठवेना. सुनंदाला फोन करून विचारला, तर तिलाही सांगता येईना, ती नुसती रडत राहिली.

सव्वासातला परत आलो तर नरसम्मा आमच्या उंबऱ्यावर बसलेली. गुडघ्यांमुळे तिला चार घरंसुद्धा चालवत नव्हतं.

"कवाधरनं सांगतीया, कोन ऐकंना. समदे म्हनत्यात, सायबानं हिशोब केलाय. सायब, आज पानी आलं हुतं का न्हाय?"

"आलं होतं."

"मग मी बी उटले की. दोन पिंपं भरली, घागरी भरल्या. पानी भरताना कट्टे काय आपोआप हुत्यात?"

मी पानाकडे पाहिलं. पाणी चाळीस मिनिटं होतं. चार चोवीस नव्हे, पाच वाजून चार. दुकानदार खरा होता, नरसम्माही खरी होती. मीनू आधी पश्चिमेला गेली होती, मग परत फिरून पूर्वेला. धरणाचं पाणी इंचात मोजणारा मी, घरच्या नळाचं पाणी मोजायला विसरलो होतो.

आम्ही शेडाकडे पळालो. त्या कारखान्याला सुट्टी होती. राखणदारानं टाकाऊ सूत काढायला दार उघडलं होतं आणि सव्वापाचला परत कुलूप घातलं होतं. शेजारच्या शेडात माग खडखडत होते; आत कुणी ओरडलं असतं तरी ऐकू आलं नसतं. कुलूप फोडलं. पत्र्याखालची गरम हवा तोंडावर आली. मीनू रंगीत सुताच्या ढिगावर निपचित पडली होती, ओठ कोरडे पडलेले, अंग भाजत होतं. मी हाक मारली, तिनं डोळे उघडले नाहीत.

दवाखान्यात तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी तिनं पाणी मागितलं.

गल्लीत मात्र गोष्ट वेगळीच पसरली: साहेबांनी कागदावर हिशेब मांडून पोरगी शोधली. लोक नरसम्मासमोर हे बोलायचे. ती विड्या वळत राहायची. मीही गप्प राहिलो. सुनंदालासुद्धा सांगितलं नाही, की सहा वाजताच मला दिशा कळली होती आणि मी ती खोडली होती. सव्वा तास.

गेल्या महिन्यात नरसम्मा वारली. तिच्या घरच्यांना भेटायला गेलो तर तिथंही कुणीतरी माझ्या हिशेबाचं कौतुक काढलं. मला बसवेना. सुनंदा शेजारी असतानाच, सगळ्यांदेखत, मी नरसम्माची लेक लक्ष्मी हिला सगळं सांगितलं. खोडलेली ओळसुद्धा.

लक्ष्मीनं डोळे पुसले. "आमाला ठाव हाय, काका. अम्मानं त्याच दिवशी सांगितलं हुतं. वर म्हनाली, कुटं बोलू नगा. बाप हाय तो. चुकला न्हाय, घाबरला हुता."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.